कानात सांगितलेलं नाव

माझ्या भाचीचं नाव मी ठेवलं. आत्याचा मानच तो. सायखेड्याला दादाच्या पडवीत पाळणा सजवला होता. मी वाकले, तिच्या कानाशी तोंड नेलं, कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. रिवाजाप्रमाणे पाठीत धपाधप बुक्के बसले. शेजारच्या काकूंनी तर जुना राग काढल्यासारखे घातले. एवढ्या गलक्यात बाळ मात्र गाढ झोपलेलं. सगळ्या म्हणाल्या, किती गुणाची पोर आहे.

त्या 'गुणाची'चा मला आजही संताप येतो.

बारशानंतर ते नाव त्या घरात कुणी मोठ्यानं घेतलंच नाही. घरामागे आमची कांदे साठवायची चाळ आहे. तिच्या पत्र्याखालच्या फळीवर त्या वर्षी गव्हाणी घुबडांची जोडी राहायला आली होती, पांढऱ्या, बदामासारख्या चेहऱ्याची. आमच्याकडे म्हणतात, घुबडानं लहान मुलाचं नाव ऐकलं की ते नाव घोकत बसतं आणि मूल झिजत जातं. त्याला हाकलायची सोय नाही, कारण दगड मारला तर घुबड तोच दगड उचलून पाण्यात टाकतं. दगड झिजतो तसा मारणाराही झिजतो म्हणे. मग उरलं काय? गप्प बसणं. आईनं फर्मान काढलं की अंगणात पोरीचं नाव घ्यायचं नाही, लांबून हाक मारायची नाही. जवळ जायचं, पाठीवर हात ठेवायचा, तोंडासमोर तोंड आणायचं आणि हळूच 'ए बाई' म्हणायचं.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि शिकले तेही प्राणिशास्त्र. आता नाशकात अकरावी-बारावीला शिकवते, इंदिरानगरात राहते. माझं हसणं आईला लागलं. तू तुझ्या पोरांना शिकव, मला शिकवू नको, असं तिनं सुनावलं. मी विषय सोडून दिला.

पुढे सुट्टीत आठवडाभर राहायला गेले. पोर रांगायला लागली होती. संध्याकाळी मी तिला मांडीवर घेऊन पडवीत बसले होते आणि ती माझ्या बांगड्यांशी खेळत होती. आत वहिनीच्या हातून परात निसटली. फरशीवर परात पडल्यावर काय आवाज होतो ते सांगायला नको. ओट्याखालचं कुत्रं उठून उभं राहिलं. आईच्या हातातला तांब्या हिंदकळला. समोर चाळीच्या उघड्या कुडातून घुबडाचा चेहरा दिसत होता, तो झटकन स्वयंपाकघराकडे वळला. माझ्या मांडीवरच्या पोरीची पापणीसुद्धा लवली नाही. तिनं शांतपणे दुसरी बांगडी धरली.

मी तिच्या पाठीमागे टाळी वाजवली. चमचा वाटीवर आपटला. मग तिचं नाव घेतलं, चांगलं खणखणीत. आई ओरडली, पण पोर वळली नाही.

घुबडाची मान वळली आणि आमच्या पोरीची नाही, यात काय आहे ते मला ठाऊक होतं. दरवर्षी शिकवते मी ते. मध्यमेंदूत चार उंचवटे असतात, वरचे दोन नजरेचे, खालचे दोन आवाजाचे. पुस्तकात याला चार ओळीसुद्धा नाहीत, म्हणून मी वर्गात आमच्या शेतातलं उदाहरण देते. कांद्याच्या एकाच सरीत दोन बायका दोन टोकांनी खुरपत निघाल्या, तर कुठे भेटल्या ते बघून सांगता येतं की आधी कोण निघाली. मधोमध भेटल्या तर दोघी बरोबर निघाल्या. डाव्या टोकाजवळ भेटल्या, तर उजवीकडची आधी निघाली. डोक्यातही तसंच चालतं. उजवीकडचा आवाज उजव्या कानात क्षणाच्या बारीकशा तुकड्याएवढा आधी पोचतो. दोन्ही कानांकडून निघालेले संदेश चेतापेशींच्या रांगेत जिथे एकाच वेळी भेटतात, तिथली पेशी पेटून उठते. तो हिशेब पुढे मध्यमेंदूत पोचतो आणि तिथे बाहेरच्या जगाचा नकाशाच तयार होतो: या पेशी बोलल्या तर आवाज उजवीकडून, त्या बोलल्या तर वरून. घुबडाचा हा नकाशा इतका नेमका असतो की ते अंधारात, उंदीर न दिसता, नुसत्या सळसळीवर झडप घालतं. आपला तेवढा नेमका नाही, पण परात पडली की मान वळायला पुरतो.

हे सगळं मी घरात सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, की हिला ऐकू येत नाहीये, नाशकात नेऊन तपासू.

दादा म्हणाला, आपल्या घरात सगळेच उशिरा बोलले, मी तीन वर्षांचा होईपर्यंत बोललो नव्हतो. मी म्हटलं, मी बोलण्याचं नाही, ऐकण्याचं म्हणतेय. आई म्हणाली, शिकलीस म्हणून धडधाकट पोरीत खोट काढू नको. मी बाई म्हटलं की कशी हसते बघ. हसणारच की. तोंडासमोर तोंड आणल्यावर कोणतं मूल हसत नाही?

वहिनी पडवीत एक शब्द बोलली नाही. नंतर चुलीपाशी, भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, मला लय दिवसांपासून वाटत होतं. पण बोलले असते तर माझ्यावरच आलं असतं. म्हणले असते, आईच्याच पोटातलं."

मला आईपेक्षा, दादापेक्षा जास्त कुणाचा राग आला असेल तर त्या दवाखान्याचा, जिथे ही पोर जन्मली. वजन केलं, पावलांचे ठसे घेऊन फोटोची चौकट दिली, पेढ्यांचा हक्क सांगितला. कान तपासायचं कुणाला सुचलं नाही.

वहिनीच्या त्या बोलण्यानंतर मी माघार घेतली नाही. दादाला म्हटलं, तू येऊ नकोस, आम्ही दोघी नेतो. मग तोच गाडी काढून आला.

तपासणीसाठी पोर झोपलेली लागते, म्हणून पोचेपर्यंत तिला जागं ठेवा, असं कानाच्या दवाखान्यातून सांगितलं होतं. सायखेड्यापासून नाशिकपर्यंत वहिनी तिच्या गालाला ओला रुमाल लावत होती. पंचवटीच्या गर्दीत हॉर्नचा नुसता कालवा चालला होता. त्यात पोरीचे डोळे मिटत होते आणि वहिनी ते बघून रडत होती.

पोर झोपल्यावर कपाळाला आणि कानामागे छोट्या चकत्या चिकटवल्या आणि कानात टिकटिक सोडली. पडद्यावर रेघ उमटत होती. ऐकू येणाऱ्या मुलाच्या रेघेत एकामागून एक उंचवटे येतात. पाचवा सगळ्यांत ठळक, आवाज मध्यमेंदूच्या दाराशी पोचल्याची खूण. आमच्या पोरीची रेघ नुसतीच थरथरत राहिली. आवाज वाढवला, अजून वाढवला. शेवटी, मोठमोठ्यानं बोलण्याच्याही पुढे गेल्यावर, पाचवा उंचवटा उठला. मी दादाला बोटानं दाखवला. आतली वाट शाबूत होती, कानाचं दार जाड होतं. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कानांना यंत्रं लावायला सांगितली आणि विचारलं, एवढे दिवस हाकेला वळत नाही हे कसं लक्षात आलं नाही?

घरी आलो. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं एकच वाक्य काढलं, घुबडानं पोरीचे कान नेले. शेजारच्या काकूंनी लगेच री ओढली. आणि दादा, जो वाटेत माझ्याशी शहाण्यासारखा बोलत होता, तो कोपऱ्यातला बांबू घेऊन चाळीकडे निघाला. फळीवर पिल्लं होती. मी दारात त्याला आडवी आले.

"दादा, कान घुबडानं नाय नेले," मी म्हटलं. "ती जन्मतःच तशी हाय, त्यात कुणाचा दोष नाय. पण हाक आपण बंद केली. मारली असती तर पहिल्या काही महिन्यांतच कळलं असतं."

"बाजूला हो."

"ज्याची मान वळली म्हणून मला कळलं, त्यालाच मारतोस?"

त्यानं बांबू खाली ठेवला नाही, पण पुढेही गेला नाही. मग त्याच बांबूनं वाळत घातलेलं गोणपाट उगाच सरळ करू लागला.

आवाजाचा तो डोक्यातला नकाशा पाटीवर काढून मिळत नाही. पहिल्या महिन्यांत आवाज येत राहतात, पेशी एकमेकींना ओळखत जातात, तेव्हा तो बनतो. आमच्या पोरीचे ते महिने आम्ही कुजबुजण्यात घालवले. या गोष्टीचा राग गिळायला मला जमत नाही, आणि गिळावा असंही वाटत नाही.

यंत्रं आली. पोर आधी ती उपटून तोंडात घालायची. मग सवय झाली. मी रविवारी गेले तेव्हा ती पडवीत वाटीत चुरमुरे वेचत बसली होती. आई जपाला बसलेली, माझ्याशी अजून तुटक. वहिनी चाळीपाशी कांदे निवडत होती. ती उठली, पदर खोचला आणि तिथूनच, घुबडांच्या फळीखालून, पोरीचं नाव घेऊन हाक मारली. ती लग्न होऊन आल्यापासून त्या अंगणात मी वहिनीचा एवढा आवाज ऐकला नव्हता. आईनं माळ थांबवली.

पोरीनं चुरमुरे सोडले आणि मान वळवली. चुकीच्या बाजूला, गोठ्याकडे. तिथे कुणीच नव्हतं. ती तिकडे बघत राहिली, कुणीतरी बोलावलंय एवढं पक्कं कळल्यासारखी.

"इकडं गं," वहिनी म्हणाली, आणि पुन्हा हाक मारली, आधीपेक्षा मोठ्यानं.