नामदेवची विजेची पुंगी

नामदेव गेल्याची बातमी मला ज्याने दिली, त्याने लगोलग विचारलं, "मास्तर, माहा रेडिओ त्याच्यापाशीच हाय. आता कोनाले मागू?" मला रडू यायच्या आधी हसू आलं. नामदेवलाही आलं असतं.

अमडापूरच्या बाजारात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. गावात वीज नुकतीच आलेली. लोकांचे रेडिओ महिनोन्‌महिने पडून असायचे, कारण नामदेव वेगळ्याच नादात. सिनेमाच्या नागाच्या गाण्यात वाजते ती पुंगी खरी नसते, विजेचा बाजा असतो, असं त्याला कुणीतरी सांगितलं... झालं. भजनी मंडळाची मोडकी पेटी आणली, तिच्या पट्ट्यांना जुन्या रेडिओचे काचेचे व्हॉल्व्ह जोडले आणि तोच आवाज काढायचा म्हणून दोन वर्षं खपला. आधी आजारी म्हशीसारखा आवाज निघाला, मग गिरणीच्या भोंग्यासारखा. भजनात पेटी मी वाजवतो, म्हणून सूर जुळवायला मीच. शेवटी एका दुपारी दुकानात तो आवाज हुबेहूब निघाला. तसाच थरथरता, तसाच वळत जाणारा. समोरचा पानवाला गिऱ्हाईक सोडून ऐकायला आला.

पण नामदेवला पानवाल्याची दाद नको होती. त्याच्या हातच्या कुठल्याही वस्तूला त्याची बायको, म्हणजे गोदावहिनी, लग्नापासून कधी चांगलं म्हणाल्या नव्हत्या, आणि त्याला ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं. वहिनी दिवसभर वावरात, घरी यायच्या दिवेलागणीला. नेमके तेव्हाच गावभर दिवे लागायचे, विजेचा दाब उतरायचा आणि बाजाचा सूर घसरायचा. तो रोज बाजा डोक्यावर घेऊन घरी जायचा आणि रोज म्हैस रेकायची. वहिनी भाकरी थापता थापता म्हणायच्या, "रेडिओतलं बरं वाटते बाप्पा. हे काय रडून राह्यलं?"

"एक डाव दुपारी ये दुकानात."

"अन् वावरातलं निंदन कोन करन?"

वहिनींना तो आवाज ऐकवायचा राहिला आणि तो गेला, याचं मला फार वाईट वाटतं.

परवा, महिन्याभराने, दुपारी भेटायला गेलो. वहिनी अजून वावरात जात नव्हत्या, आत तूर पाखडत होत्या. कोपऱ्यात बाजा दिसला. राहवलं नाही. तार जोडली, व्हॉल्व्ह तापू दिले आणि तेच नागाचं गाणं धरलं.

आतून वहिनी म्हणाल्या, "मास्तर, रेडिओ बंद करा. महिनाच झाला, लोक काय म्हनतीन?"

"रेडिओ नाही वहिनी. नामदेवचा बाजा हाय."

सूप हातात घेऊन त्या दारात आल्या. बाजाकडे बघत राहिल्या...

"मंग त्याइनं असा काऊन नाही वाजवला कधी?"

वहिनींनी सूप खाली ठेवलं, उंबऱ्याशी बसल्या.

"वाजवा अजून," म्हणाल्या. "कोनी पुसलं त सांगू, दुरुस्ती चालू हाय."