भाऊसोंची पलटण आणि मीनाबाईंचे बांध

भाऊसो कांबळ्यांनी उभ्या आयुष्यात कुणाच्या कानाखाली आवाज काढला नाही. कागलच्या एमआयडीसीत, फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये एकतीस वर्षं लाकडाचे साचे घासले आणि निवृत्त झाले. मग मात्र एकाएकी सेनापती झाले. बोटाच्या पेराएवढे कथलाचे शिपाई स्वतः ओतायचे, रंगवायचे आणि फुलेवाडीतल्या घराच्या पुढच्या खोलीत आठ बाय पाचच्या टेबलावर जुन्या काळातल्या लढाया लढायचे. दर रविवारी तिघं मित्र येत. फासे टाकून, टेपनं इंच मोजून माणसं मारली जात, चहा होई आणि मेलेले पुन्हा डब्यात जात. आपल्या सैन्यात पेन्शनीची कटकट नाही, असं भाऊसो स्वतःच सांगत आणि स्वतःच हसत.

भानगड झाली ती दीक्षामुळं. लेकीला सातवा लागला होता. शनिवारी ती बाळंतपणाला माहेरी यायची होती आणि डॉक्टरांनी जिना चढायला बंदी केली होती. खाली खोल्या दोनच, स्वयंपाकघर आणि रणांगण. मीनाबाईंनी नवऱ्याला टेबल हलवायला सांगितलं. भाऊसोंनी खाट स्वयंपाकघरात टाकू म्हटलं, बायकोचं तोंड बघितलं आणि घाईघाईनं तोडगा काढला. एक डाव खेळू. तू जिंकलीस तर टेबल मोडतो, मी जिंकलो तर टेबल राहील. सात वर्षं व्यूहरचनेची पुस्तकं पालथी घातलेल्या माणसानं फाशाला कधी हात न लावलेल्या बाईला असं आव्हान द्यावं, आणि वर आपण फार उदार झालो असं त्याला वाटावं! मीनाबाई बरं म्हणाल्या.

त्यात भाऊसोंना नव्या भूमीचं कौतुक. सपाट हिरव्या कापडावर लढून ते विटले होते. पलटणीची रांग शत्रूआधी जमीनच मोडते, असं पुस्तकांत वाचून त्यांनी मोठ्या फळीवर भाताची खाचरं केली होती. नमुना घेतला मीनाबाईंच्या माहेरचा, राधानगरीकडच्या त्यांच्या वडिलांच्या शेताचा. बांध किती रुंद, चिखल कुठं गुडघ्याएवढा, कडेचा मुरमाड उतार कुठं चढतो, सगळं बायकोला विचारून वहीत उतरवलं. साचेकामाचा हात, सुतभर फरक नाही. आणि मग हे गृहस्थ त्याच शेतात त्याच बाईशी लढायला उभे राहिले. एवढी अक्कल पुस्तकं वाचून येत नाही, ती जन्मजातच असावी लागते.

त्यांनी आपली कवायती पलटण तीन ओळींत, खांद्याला खांदा लावून, खालच्या रुंद खाचरात पसरवली. इतकी देखणी दिसली की त्यांनी फोटोही काढला. नियम त्यांचेच होते. चिखलात निम्मी चाल. बांध ओलांडला की ओळ मोडते आणि सरळ करण्यात एक पाळी जाते. बांधावरून मात्र पूर्ण चाल, पण एकामागं एक. हे शेवटचं कलम त्यांनी निव्वळ शोभेला घातलं होतं. शत्रूसमोर एकेरी रांगेत जाण्याइतकं खुळं कोण असणार?

मीनाबाई तशाच गेल्या. बंदुकांच्या टप्प्याबाहेरचा कडेचा बांध धरून त्यांनी सगळी माणसं एकामागं एक चालवली. इकडं भाऊसोंची ओळ पहिल्या बांधाला मोडली, सरळ झाली, दुसऱ्या बांधाला पुन्हा मोडली. दर वेळी ते नियम मोठ्यांदा वाचत आणि स्वतःलाच शिक्षा करत. चार पाळ्यांत पलटण वीतभर सरकली. तोवर मीनाबाईंची माणसं मुरमाड उतारावर पोचली, कोरड्या जमिनीवर नीट आडवी पसरली आणि पलटणीच्या उघड्या कुशीवर उतरली. चिखलात रुतलेली ओळ वळवायलाही एक पाळी लागते, हेही भाऊसोंनीच लिहिलं होतं. फासे टाकून होईपर्यंत त्यांच्याकडं एक ढोलवाला आणि झेंडा उरला.

ही कसली रचना, ही तर मुंग्यांची रांग, अशी थोडी कुरकुर त्यांनी केली. मग त्यांना राहवेना.

"हे तुला शिकवलं कुणी?"

"शिकवाय काय लागतंय? बारा वर्साची असल्यापास्नं भाताच्या रोपांचं वझं डोसक्यावर घिऊन ह्याच बांधानं चाललीया मी. तुमी बांधाची रुंदी इचारलीसा. त्येच्यावरनं कोण चालत हुतं, ते न्हाय इचारलं."

भाऊसोंनी वही उघडली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती आणि वहीत चार पानं भरली होती. त्यांत मीनाबाई कुठंच नव्हत्या. त्यांना फार लाज वाटली. हरल्याची नव्हे, हरणं त्यांना रविवारच्या सवयीचं होतं.

शुक्रवारी त्यांनी टेबलाचे पाय काढले. खाचरांची फळी जिन्यातून वर जाईना म्हणून मधोमध कापायला करवत घेतली, तर मीनाबाईंनी त्यांचा हात धरला.

"त्येला करवत लावू नका. तितं आता समदा ऊस हाय. भावांनी गेल्या साली बांध काढून रान सपाट केलंय."

गेल्या साली त्या माहेराहून आल्या, तेव्हा दोन दिवस बोलत नव्हत्या. भाऊसोंना ते आठवलं. तेव्हा ते घोड्यांच्या शेपट्या रंगवत होते.

फळी अखंड राहिली, दीक्षाच्या खाटेशेजारी भिंतीला टेकून. शनिवारी लेक आडवी पडल्या पडल्या खाचरांकडं बघत बसली आणि तिची आई त्या बांधांवरून बोट फिरवत एकेक जागा सांगू लागली. भाऊसो दारातच थांबून ऐकत राहिले. शिपायांचे डबे त्यांनी वरच्या खोलीत नेऊन ठेवले. त्या रानात पुन्हा पलटण उतरवायची त्यांना हिंमत झाली नाही.