कलिंगडवाला दिवा आणि आमची लेडीज बॅच

ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते सकाळी आपल्या पायांनी चालत येतात, शेजारच्या सीटवर बसतात आणि ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबतात! डहाणू रोडला आमचं स्कूल आहे. आमचे हे पुरुषांना शिकवतात, लेडीज बॅच माझी. आणि आधीच सांगून ठेवते, अख्ख्या तालुक्यात माझ्या बॅचसारखी बॅच नाही. स्वतःचीच पाठ थोपटते म्हणाल, तर म्हणा. एअरबॅगच्या एका दिव्यापायी या बायकांनी काय काय केलं ते ऐका, मग बोला.

*

त्या बॅचमध्ये दोघी खास. एक सविता, कोसबाडची शाळामास्तरीण. दुसरी कमल, आगर गावची. कमलचा नवरा बोटीवर, आणि मासळी तलासरीच्या बाजाराला न्यायची हिने. टेम्पोवाला उगवेल तेव्हा निघायचं, तोवर बर्फ वितळून मासळी नरम. पहिल्याच दिवशी तिने मला सांगितलं, "मॅडम, मला गाडीची हौस नाय. मला त्या टेम्पोवाल्याची वाट बघायची नाय. शिकायचा आणि सोताची गाडी घ्यायची." मला बाई अशी माणसं आवडतात.

एका सकाळी सविता चालवत असताना आमच्या शिकवायच्या गाडीत लाल दिवा लागला आणि विझेचना. दिव्यात एक माणूस बसलेला, पुढ्यात हा एवढा गोल.

कमल मागच्या सीटवरून वाकून म्हणाली, "मॅडम, हा मांडीवर कलिंगड घेऊन कुठं चाललाय?"

"कलिंगड नाही, पोट आहे," सविता म्हणाली. "आमच्या हेडमास्तरांचा फोटो काढलाय कोणीतरी!"

मी सांगितलं की ती एअरबॅग. दिवा जळत राहिला म्हणजे गाडी आपल्याला म्हणते, उद्या ठोकर बसली तर फुगा उघडेल याची खात्री मी देत नाही. मग सविताने गाडी बाजूला घेतली, तीही इंडिकेटर देऊन!

*

आमच्या ह्यांचा उपाय तयार होता. संध्याकाळी बघते तर दिव्यावर काळी टेप!

"आता दिसतोय का?" हे खूश.

"दुधाकडे पाठ केली म्हणून ते उतू जायचं थांबतं का?" मी विचारलं.

टेप निघाली. नंतर कुठे गेली विचारू नका. ह्यांच्या मोबाइलच्या फुटक्या काचेवर आहे.

*

आशागडला रमेशभाई म्हणून ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. जन्म उंबरगावचा, त्यामुळे निम्मं मराठी, निम्मं गुजराती. त्यांच्याकडे गाडी नेली. त्यांनी बॅटरीची वायर काढली आणि सरळ चहा मागवला.

मी म्हटलं, "अहो, काम करा की!"

"बेन, हे कामच चालू छे. आतला करंट उतरू दे. एअरबॅगच्या वायरला घाईत हात लावला, तर मी डायरेक्ट छतावर!"

चहा संपल्यावर त्यांनी पुढच्या सीटखाली हात घातला. तिथे एअरबॅगच्या वायरीचा पिवळा कनेक्टर असतो, तो ढिला झाला होता. का ढिला झाला, तेही त्यांच्या हाताला लागलं. सुक्या बोंबलांची गच्च भरलेली पिशवी! कमल आपली पाळी येईपर्यंत मागे बसायची आणि बाजाराचा माल सीटखाली कोंबायची. तिचं म्हणणं, "वास येऊ नये म्हणून लांब ठेवला ना!"

रमेशभाईंनी कनेक्टर नीट बसवला, बॅटरी जोडली, मशीन लावून गाडीने नोंदवलेला बिघाडाचा कोड पुसला. दिवा विझला. गाडीची काच खाली करत ते म्हणाले, "लाइट गेली, बेन. वास नाय जाणार. त्याचा कोड माझ्या मशीनमधी नाय!"

*

मला वाटलं, आता कमल लाजून दोन दिवस येणार नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर! आली ती थेट सीटखाली डोकं घालून कनेक्टर बघायला. "एकदा बघून ठेवते. माझ्या गाडीत असाच असंल ना?"

त्या दिवसापासून बॅचचा नियम झाला. चावी फिरवायची, पण इंजिन लगेच चालू करायचं नाही. आधी दिवे बघायचे. सविता त्याला हजेरी म्हणते. चावी फिरली की सगळे दिवे उठून 'हजर' म्हणतात. एअरबॅगवालाही उठतो आणि थोड्या वेळाने गुपचूप खाली बसतो. बसला नाही, तर त्याची चौकशी. पुरुषांच्या बॅचला हे अजून जमलेलं नाही. त्यांची गाडी चावी हातात यायच्या आधीच पळते.

*

सविताचे मोठे दीर मोठी गाडी घेऊन दारात आले. तलासरीला साखरपुड्याला जायचं होतं. सविता पुढे बसली, बघते तर कलिंगडवाला पेटलेला.

"भाऊजी, हा दिवा?"

"तो होय! गणपतीपासून जळतोय, काही होत नाही."

सविता खाली उतरली. भाऊजींचा चेहरा पडला, त्यांनी आईकडे बघितलं. सासूबाई मागून पदर सावरत उतरल्या आणि म्हणाल्या, "गणपतीपासून सांगतोय बिचारा, आणि तू ऐकत नाहीस?"

सासू-सुना एसटीने गेल्या. भाऊजी दुसऱ्या दिवशी रमेशभाईंकडे. सीटबेल्टच्या बकलात चिकूची बी अडकली होती, आणि बकलाची वायरही याच दिव्याला जोडलेली!

*

एकदा आमच्या ह्यांच्या गाडीचा हॉर्न गेला आणि त्याच दिवशी तोच दिवा लागला. रमेशभाई म्हणाले, स्टिअरिंगमधली पट्टी तुटली, दोन्हीच्या वायरी तिच्यातूनच जातात. पार्ट वापीहून येईपर्यंत गाडी उभी ठेवा.

हे म्हणाले, "ते एअरबॅगचं पटलं. पण हॉर्नचं काय अडलंय? ही असते ना गाडीत!"

त्या दिवशी घरी कोणाला चहा मिळाला नाही ते सांगत नाही.

*

आणि मग कमल गाडी घ्यायला निघाली. लायसन्स हातात आलं होतं, पाटल्या मोडून झाल्या होत्या. तलासरीच्या पुढे हायवेला जुन्या गाड्या विकणारा एक जण होता. तिने आपल्या भावाला घेतलं आणि मला घेतलं. वाटेत धाकधूक तिच्यापेक्षा मलाच जास्त.

गाडी तिला बघताक्षणी आवडली. पांढरी, मागची सीट दुमडली की टोपल्या बसतील एवढी जागा. तिने दरवाज्यावरून हात फिरवला तेव्हा माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. विकणाऱ्याने तर बॉनेटवर हार चढवून नारळसुद्धा आणून ठेवला होता. "ताई, एकदम क्लीन गाडी! एअरबॅग ओरिजिनल, एक वॉर्निंग लाइट दिसणार नाही!"

भाऊ म्हणाला, "घे गो, अशी परत नाय गावायची."

कमल आत बसली. चावी फिरवली. बॅटरीचा दिवा आला, ऑइलचा आला, ब्रेकचा आला. एअरबॅगचा आलाच नाही. जळत राहिला तर बिघाड असतो. उठलाच नाही, तर बहुतेक कोणीतरी त्याचं तोंड बांधलेलं असतं. मी तोंड उघडणार, तोच तिने चावी बंद केली आणि पुन्हा फिरवली. नाहीच. मग तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खरं सांगते, माझी छाती अशी कधी फुगली नव्हती!

ती उतरली आणि दरवाजा हलकेच लावला.

विकणारा हसला. "काय झालं ताई? लाल लाइट नाही म्हणजे गाडी फर्स्ट क्लास!"

कमलने चावी त्याच्या हातावर ठेवली.

"दादा, ताजा मासा कल्ले उघडले की लाल दिसतो. ज्याला शिळा खपवायचा, तो कल्ले कापूनच आणतो. लगीन झाल्यापासून बाजारात बसते मी. असला मासा माझ्या टोपलीत घेतला नाय!"