उलटं उघडणारं दार

जुन्या चामड्याला पेट्रोलचा वास आला की सिंगापूरच्या सेरंगून भागातले आमचे एक चिनी शेजारी आठवतात. त्यांनी तीसच्या दशकातली अमेरिकन कूपे, म्हणजे दोन दारांची गाडी, घेतली होती, तीन खिडक्यांची, दुर्मीळ. जुन्या गाड्या नव्याने सजवून पळवणारे त्यांचे हॉट रॉडवाले मित्र न बघताच चिडवत, "पाच खिडक्यांची असणार, दोन पत्र्याने बुजवल्या असशील. प्रदर्शनात आण, मग बघू!" तिथे जुन्या गाड्यांना वर्षातले मोजकेच दिवस रस्त्यावर परवानगी असे, उरलेला शेवटचा दिवस त्यांनी प्रदर्शनासाठी राखला होता. नेमकं त्याच दिवशी माझ्या बायकोला गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरी आणायचं होतं. पाय वाकेना, टॅक्सीत बसवेना. शेजारी गाडी घेऊन हॉस्पिटलच्या दारात हजर. सिंगापुरी ढंगात म्हणाले, "अंकल, माझ्या गाडीचं दार उलटं उघडतं लाह, बिजागरी मागे, आंटी आरामात बसेल." ती पाठमोरी टेकली आणि पाय अलगद आत आले. "लग्नातही अशी गाडी नव्हती हो," ती मला म्हणाली. प्रदर्शन हुकलं. नंतर हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत आम्ही बसलो असताना मित्र त्यांना म्हणाले, "घाबरलास ना?" मी बोलणार, तोच त्यांनी टेबलाखालून माझा हात दाबला, आपल्यामुळे प्रदर्शन हुकलं याचं माझ्या बायकोला ओझं वाटू नये म्हणून. पुढच्या प्रदर्शनाआधीच गाडी परदेशी विकली गेली, खोटेपणाचा शिक्का त्यांच्यावर राहिला. आता तेही नाहीत, बायकोही नाही. म्हणून सांगतो: त्या मॉडेलमध्ये पाच खिडक्यांच्या गाडीची दारं साधी असत. उलटं दार फक्त अस्सल तीन खिडक्यांच्या गाडीला असे, आणि त्याच दारातून माझी बायको घरी आली.