सांधे बघणारे मिस्त्री

आमच्या गल्लीतल्या निम्म्या न्हाणीघरांच्या फरश्या मिस्त्रींनी बसवलेल्या. चाळीस वर्षांत त्यांनी खडबडीत टाइलला हात लावला नाही. गिऱ्हाइकाने चुकून मागितलीच तर विचारायचे, "गोठा बांधायचाय का?" त्यांची फरशी इतकी गुळगुळीत, की काम संपलं की तिच्यात बघून ते मिशा सारख्या करत. लोक त्यांना कौतुकाने आरसेवाले म्हणत.

मग गिऱ्हाइकं म्हातारी झाली आणि एकेक करून घसरू लागली. मिस्त्रींकडे प्रत्येकाचं कारण तयार होतं. कोणाचा चष्मा जुना, कोणाच्या चपला झिजलेल्या, कोणाला मुळात चालायचंच वळण नाही. समोरच्या निवृत्त शिक्षिकाबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा मिस्त्री फळं घेऊन दवाखान्यात गेले. तब्येतीची चौकशी केली आणि निघता निघता म्हणाले, "टाइलला तडा नाही ना गेला?" बाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी मिस्त्री स्वतःच्याच न्हाणीघरात आडवे झाले. पायात मुलाने टाकून दिलेल्या सैल सपाता, पोटात रक्तदाबाची नवी गोळी आणि खाली साबणाचं पाणी. आधाराला बादली धरली, तर तीही सोबत आली. आवाज ऐकून सून दाराशी धावली.

"बाबा, पडलात का?"

"पडतोय कशाला? सांधे बघतोय."

"फरशीचे की तुमचे?"

आत बादली सरकल्याचा आवाज झाला. मग मिस्त्री बारीक आवाजात म्हणाले, "दार ढकल. कडी लावलेली नाही."

मनगट मोडलं होतं. आत पट्टी घालून स्क्रू बसवावे लागले. पुढे व्यायाम शिकवायला फिजिओथेरपीवाल्या बाई घरी आल्या. त्यांनी मिस्त्रींना ओट्याशी एका पायावर उभं केलं. जन्मभर लोकांच्या फरश्यांची पातळी काढणारा माणूस चौथ्या सेकंदाला कलला. घरात काय काय बदलायचं याची बाईंनी कागदावर यादीच केली.

गालिचा गेला, दिवा मोठा आला, चष्म्याचा नंबर बदलला, डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. घोडं अडलं ते न्हाणीघराच्या भिंतीला आधाराचा दांडा लावण्यापाशी.

"त्या टाइलला भोक? मी जिवंत असताना?"

बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्या हाडाला डॉक्टरांनी सहा भोकं पाडली. टाइलला चार पडू द्या."

हात मोकळा झाल्यावर मिस्त्रींनी ती चार भोकं स्वतःच पाडली, दुसऱ्यावर भरवसा नाही म्हणून. डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाले. पुढच्याच आठवड्यात फरशी उखडून खडबडीत टाइल बसवली. गोठ्याचा उल्लेख घरात कोणी केला नाही. सुनेला फार मोह झाला होता.

मग ते शिक्षिकाबाईंकडे गेले.

"टाइल बघायला आलात?" बाईंनी काठी टेकत विचारलं.

"नाही. तुम्हाला. त्या दिवशी चुकीचं विचारलं मी."

बाईंनी काठीनेच दार पूर्ण उघडलं. "आत या. चपला काढू नका, फरशी तुमचीच आहे."

तिथेही दांडा लागला. आता मिस्त्रींना वेडच लागलं. कोणाकडे गेले की पाणी मागायच्या आधी पायपुसणं गुंडाळून बाजूला ठेवायचे. ते गल्लीत दिसले की लोक आपापले गालिचे लपवू लागले.

फक्त कोपऱ्यावरचे निवृत्त साहेब ऐकेनात. "धरून उभं राहायची वेळ माझ्यावर आलेली नाही."

"धरायला कोण सांगतंय? टॉवेल टाका."

साहेबांनी दांडा हातात घेऊन पाहिला. "टॉवेलला एवढा जाड?"

"ओला टॉवेल जड असतो, साहेब."

साहेबांना पटलं. दांडा लागला. त्यावर टॉवेल कधीच कोणाला दिसला नाही, पण पंधरवड्याने साहेबांचा निरोप आला: कमोडशेजारीही एक लावून द्या, नॅपकिनसाठी.