कूमसाठी उघडलेलं दार

देसांका तोंडाची फटकळ, पण कूमला नाही म्हणणं तिच्याच्याने व्हायचं नाही. ल्युबिशा तिच्या लग्नात साक्षीला उभा राहिलेला, म्हणजे तिचा कूम. सर्बियातल्या क्रागुयेवात्समध्ये सख्ख्या भावाशी जन्माचा अबोला चालतो, कूमचा शब्द मात्र कुणी खाली पडू देत नाही. पत्र्याच्या कारखान्यात तो फोरमन होता आणि तिथल्या पत्रा दाबणाऱ्या प्रेसचा प्रोग्राम तिने लिहिलेला.

त्यात तिने प्रेसचा वेग प्रेसच्याच पोटात बंद करून ठेवला होता. दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामने त्याला परस्पर हात लावायचा नाही. वेग हवा तर प्रेसकडे मागायचा, आणि प्रेसने आधी हात अडवणारी जाळी लागलीय का ते बघून मगच द्यायचा. ऑर्डरी तुंबल्या तशी ही विचारपूस ल्युबिशाला खुपायला लागली.

"दर पत्र्याला ही बया चौकशी करत बसते," तो म्हणाला. "पत्रे आणणाऱ्या पट्ट्याच्या प्रोग्रामला वेग थेट लिहू दे."

"आणि जाळी कोण बघणार? तुझा आजा?"

"मी बघीन. जन्म गेला माझा प्रेसवर."

"नाही जमायचं, ल्युबा."

त्याने कॉफीचा कप भिंतीवर फोडला. "तुझ्या लग्नात मी उभा होतो, कूमा. मला नाही म्हणतेस?"

देसांकाने शिवी हासडली आणि प्रोग्राममध्ये वेगापुढचं ‘खासगी’ खोडून तिथे ‘सार्वजनिक’ लिहिलं. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

त्याच आठवड्यात एक पत्रा अडकला. ल्युबिशाने वेग शून्यावर आणला, जाळी उघडली, हात आत घातला. तेवढ्यात पट्ट्यावर पुढचा पत्रा आला आणि पट्ट्याच्या प्रोग्रामने वेग लिहून टाकला. त्याला जाळी ठाऊकच नव्हती. प्रेस खाली आली. हाडं चुरल्याचा आवाज देसांकाला शेडच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला. तिने धावत येऊन कमरेच्या पट्ट्याने त्याचा दंड आवळला तेव्हा मनगटाखाली आवळण्यासारखं काही उरलंच नव्हतं. रक्त तिच्या बुटांत गेलं.

इस्पितळात त्याच्या बायकोने, स्तामेनाने, तिला सगळ्यांदेखत थोबाडलं. ओठ फाटला. देसांकाने तोंड फिरवलं नाही. आणखी दोन बसल्या असत्या तर तिला बरंच वाटलं असतं. तिथून ती थेट कारखान्यात गेली आणि वेग पुन्हा कुलपात घातला.

हिवाळ्यात ल्युबिशाच्या घरी त्यांच्या कुळाच्या संताचा सण आला. बोलावणं नसतानाही कूम जातो, म्हणून ती गेली. स्तामेनाने तिच्यापुढे ताट ठेवलं. शेजारी ल्युबिशाचा भाऊ रादिसाव बसलेला, आता त्याच्या जागी फोरमन. राकिया दारूचे दोन पेले पोटात गेल्यावर तो म्हणाला, "काम रखडतंय, कूमा. तो वेग उघड."

"नाही."

"कूमपणा घराला असतो. माझंही ऐकावं लागेल तुला."

"नाही म्हटलं ना."

रादिसावने तिचे केस धरून तिचं डोकं टेबलावर आपटलं. ताट फुटलं. तो दुसऱ्यांदा आपटणार तोच ल्युबिशा उठला आणि आपला थोटा हात भावाच्या तोंडावर हाणला, पुन्हा हाणला, रादिसाव खुर्चीसकट कोसळेपर्यंत. कच्ची जखम उलली. बँडेज लाल झालं आणि सणाच्या पावावर रक्त टपकलं.

"ती नाही म्हणाली ना," वेदनेने वाकून तो म्हणाला. "मग ऐक. मी ऐकलं नव्हतं."

देसांकाने आपला रुमाल काढला आणि त्याचा हात बांधायला घेतला.