डब्याकडे जायला रस्ता नाही

आमच्या घरी टीव्हीच्या कपाटात वरच्या फळीवर एक काळा डबा आहे. त्यात दोन हार्डडिस्क आहेत आणि घरातले सगळे फोटो, व्हिडिओ, माझे शाळेचे पेपर त्यातच राहतात. डबा एका वायरीने राउटरला जोडलेला, आणि माझा लॅपटॉप वाय-फायवरून त्यातलं उघडतो. म्हणजे उघडायचा. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी डबा उघडेना, आणि नेमकी त्याच दिवशी आत्या आली.

आत्या वरवट बकालची. खामगावला गाडी बदलून चिखलीला आली ती एकाच कामासाठी. तिचे यजमान, आमचे मामाजी, श्रावणात गेले. त्यांचा घरात एकच फोटो सापडला, बँकेच्या पासबुकासाठी काढलेला. तोच मोठा करून भिंतीवर लावलाय. त्यात मामाजी असे बसलेत की कोणी चोरीच्या संशयावरून धरून आणलं असावं.

"तो माणूस माह्या वळखीचा नाई," आत्या म्हणाली. "तुह्या पोरीच्या लग्नाच्या शूटिंगमधी हे हायेत म्हणते. बोलताना हायेत. मले तेवढं दाखव. परवा जा लागते, कापूस वेचाचा पडला."

मी म्हणालो, आत्ता दाखवतो. हे "आत्ता" पुढे दोन दिवस चाललं.

लग्नाला तीन वर्षं झाली. शूटिंगवाल्याने सगळं पेनड्राइव्हमध्ये दिलं होतं. मी ते डब्यात टाकलं आणि मोकळ्या पेनड्राइव्हवर विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स चढवलं. बायको तेव्हाच म्हणाली होती, राहू द्या तो तसाच. मी तिला समजावलं की डब्यात दोन डिस्क आहेत, एक गेली तरी दुसरी असते. आता दोन्ही डिस्क आत सुखरूप होत्या आणि मी बाहेर बोंबलत होतो.

मी गणिताचा मास्तर. लिनक्स वापरतो हे मी स्टाफरूममध्ये गरजेपेक्षा जास्त वेळा सांगितलेलं आहे. बायकोच्या मते मी ते फुकट आहे म्हणून वापरतो, आणि तिचं सगळंच चूक नाही. दसऱ्याच्या सुट्टीत मी त्याची नवी आवृत्ती टाकली होती, त्यामुळे संशय घ्यायला चोर तयारच होता. डबा जोडायची आज्ञा दिली. लॅपटॉप थोडा वेळ विचारात पडला आणि म्हणाला, 'नो रूट टू होस्ट'. लिनक्सला असं कुरकुरायची सवयच आहे म्हणून मी ती ओळ नीट वाचलीही नाही.

मग इंटरनेटवर शोधलं. तिथे माझ्यासारखे कपाळ बडवणारे पुष्कळ होते. एक म्हणे, जुन्या डब्यांची भाषा नव्या लिनक्सला चालत नाही, जुन्या भाषेचा आकडा लिहा. लिहिला. दुसरा म्हणे, पासवर्ड वेगळ्या फायलीत ठेवा. ठेवला. तिसऱ्याचं ऐकून, लॅपटॉप सुरू होताना जी यादी वाचतो तिच्यातच मी दोन ओळी घातल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉपच सुरू होईना. काळ्या पडद्यावर तो मलाच माझा पासवर्ड विचारत बसला. ती सकाळ माझीच घाण निस्तरण्यात गेली आणि डबा होता तिथेच राहिला.

आत्या समोर मेथी निवडत बसली होती. अर्ध्या अर्ध्या तासाने विचारायची, "लागलं काय?" आवाजात जराही तक्रार नाही, म्हणून तर ते जास्त टोचायचं. दुपारी चौथ्यांदा विचारलं तेव्हा माझा पारा चढला.

"आत्या, हे काय टीव्हीचं बटन नाही दाबलं की लागायला. डोकं लागतं याला."

"हाव," ती म्हणाली आणि मेथी निवडत राहिली. नवरा जाऊन दोन महिने झालेल्या बाईवर मी ओरडलो होतो. लाज वाटली, पण माफी मागण्याऐवजी मी राउटर बंद करून पुन्हा सुरू केला.

थोड्या वेळाने ती उठली, हात पदराला पुसले आणि कपाटापाशी जाऊन उभी राहिली. डब्यावर बोट फिरवून बोट मला दाखवलं.

"हे हयद-कुंकू कायचं? पूजा केली होती काय याची?"

केली होती. दसऱ्याला शेतावरच्या घरी नांगर आणि फवारणीचा पंप पुजतात, आमच्याकडे शिलाई मशीन, स्कूटर, लॅपटॉप आणि हा डबा. मीच केली होती. आधी सगळ्या वायरी काढून डबा पुसला, मागच्या जाळीतली धूळ निघावी म्हणून तोंडावर पालथा ठेवला, आणि तसाच पालथा असताना हळद-कुंकू वाहून अक्षता टाकल्या.

"वायरी काढून केली?" आत्याने विचारलं. "आमच्या पंपात दरसाली तांदूळ जाते. हे मूठ भरून अक्षता टाकत, अन् मंग दिवसभर नळी फुकत बसत. पाह्य त्या भोकात."

मी डब्याची वीज बंद केली, वायर उपसली आणि मोबाइलचा उजेड आत टाकला. वायरीच्या भोकात, पितळी तारांवर, कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा आडवा बसला होता. आत्याने अंबाड्यातला आकडा काढून दिला. दाणा निघाला. वायर घातल्यावर कट असा आवाज आला, जो दसऱ्याला वायर परत घालताना आलाच नव्हता, आणि मागचा हिरवा दिवा लुकलुकू लागला. मागचा दिवा भिंतीकडे असतो. तिथे वाकून बघायचं मला सुचलं नव्हतं.

'नो रूट टू होस्ट' म्हणजे तिथे जायला रस्ता नाही. लिनक्सने पहिल्याच संध्याकाळी खरं ते सांगितलं होतं आणि मी दोन दिवस त्यालाच शिव्या दिल्या. बायको नुसती मेथीची जुडी उचलून आत गेली, ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

व्हिडिओ लागला. पंगतीचा भाग पुढे ढकलत आणला तेव्हा मामाजी दिसले. खांद्यावर पंचा, हातात बुंदीचं घमेलं, वाढणाऱ्या मुलांवर ओरडत होते. आत्या खुर्ची ओढून अगदी पडद्याजवळ आली. शूटिंगवाला म्हणाला, काका, नवरा-नवरीसाठी दोन शब्द बोला. मामाजींनी त्याच्याकडे वैतागून पाहिलं.

"बोलाले टाइम कोठी हाये? आमच्या घरवालीनं सकाळपासून कणभर खाल्लं नाई. थे मागणार नाई, उपाशी निजंल." आणि ते घमेलं ठेवून, एक ताट उचलून, स्वतः वाढून घेऊन बायकांच्या खोलीकडे गेले. दारापाशी एका पोरीच्या हातात ताट दिलं, आत बोट दाखवलं आणि परत फिरले.

आत्याने मला थांबवायला सांगितलं नाही, म्हणून मी थांबवलं नाही. पडद्यावर दुसरीच माणसं जेवू लागली.

"थे ताट मले सैपाकवालीनं पाठवलं समजली मी," ती म्हणाली. "त्या दिवशी घरी जायेपर्यंत मी यायच्याशी बोलली नाई. एवढ्या लग्नात मले जेवलीस काय म्हून इचारलं नाई म्हणून. तीन साल तेच उगाळत राह्यली. परत्येक भांडणात."

मग पडद्याकडेच बघत, मी दोन दिवस ज्या आवाजात लॅपटॉपशी बोलत होतो त्याच वैतागल्या आवाजात मामाजींना म्हणाली, "तोंड होतं ना तुमाले. सांगाचं नाई काय मंग?"